दम घेण्याची जागा

आपले लग्न झालेले आहे असे एका चोपडीत लिहून ठेवलेले आहे, ही गोष्ट शिवतेज तीन वर्षांत पार विसरून गेला होता. शुक्रवारी कुपवाडच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपत आली, डबा धुऊन तो नळापासून मागे वळला आणि खिशातला फोन थरथरला. आई होती. वडील शेजारच्या खाटेवर असले म्हणजे चंद्राबाई ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली. बसाप्पा हेळवी गावात आला आहे, मारुतीच्या देवळात उतरला आहे, रविवारी सकाळी आपल्या अंगणात बसणार आहे. "त्येच्या चोपडीत तुझ्या नावाफुडं संयोगिता हाय अजून," ती म्हणाली. "ती खोडायची म्हनत्यात. तू न्हाई आलास तरी चालंल, असं तुझ्या आबांचं म्हननं. पर तू ये." हातातल्या डब्यातून पाणी ठिबकून बुटावर पडत होते. ते त्याला फार लांबून, दुसऱ्याच कुणाच्या पायावर पडत असल्यासारखे दिसले.

हेळवी म्हणजे वंशावळ वाहणारा माणूस. कृष्णाकाठच्या कुळांची नावे त्याच्या बापजाद्यांनी लिहून ठेवलेली. दर तीन वर्षांनी, ऊसतोड सरत आली की तो कर्नाटकातून वर येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलीच्या मागे पत्र्याची पेटी बांधून येतो. अंगणात त्याला घोंगडे अंथरून द्यायचे, मग तो मूळपुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना एका सुरात हाका मारल्यासारखी नावे वाचायचा, मधल्या तीन वर्षांत कोण जन्मले, कोण गेले, कुणाला कुठे दिली हे विचारून लिहायचा, आणि पायलीभर जोंधळे व एखादे धोतर घेऊन उठायचा. अक्षरे कानडी. घरात कुणालाच ती वाचता येत नसत, आणि बहुधा म्हणूनच ती सर्वांना खरी वाटत. मागच्या खेपेला तो आला तेव्हा शिवतेजच्या साखरपुड्याला आठच दिवस झाले होते. मुलगी मेढ्याची, संयोगिता. "अक्षता पडू द्या, मग लिव्हतो," असे बसाप्पा दोनदा म्हणाला होता. पण शिवतेजचे वडील सयाजीराव सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. ठरले ते झाले, अशीच त्यांची आयुष्यभराची रीत. "आवं, तारीख धरलीया, कार्यालय धरलंय, आता काय ऱ्हायलंय? लिव्हा तुमी," म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर नवा पटका टाकला, आणि बसाप्पाने लिहिले. शिवतेज तेव्हा ओट्याच्या कडेला बसून हसत होता. त्या हसण्याची त्याला आता शरम वाटे. ते हसणे खोटे नव्हते म्हणून तर अधिकच.

लग्नाला एकोणीस दिवस राहिले असताना त्याने नाही म्हणून सांगितले. कारण सांगितले नाही. आणि कारण नाही म्हटल्यावर ते लोकांनी शोधले, आणि लोकांना ते नेहमी जिथे सापडते तिथेच, मुलीत सापडले. तिच्या अंगावर पांढरा डाग असेल, तिचे आधी कुठे असेल, तिला फिट येत असेल. आता तासगावकडचे एक स्थळ तिला आले होते. त्या लोकांनी जुन्या रीतीने हेळव्याकडे चौकशी केली, कारण मेढ्याकडच्या तिच्या भावकीची चोपडीही बसाप्पाकडेच होती. आणि त्याला आठवले की ही पोरगी तर दुसऱ्या एका चोपडीत सुभेदारांच्या घरी नांदते आहे. ते खोडले पाहिजे होते. पण बसाप्पाच्या चोपडीत एकदा लिहिलेले नाव नुसते खोडता येत नाही, शेजारी कारण लिहावे लागते. मयत, काडीमोड, दत्तक गेला, परागंदा झाला. आणि जे लिहिले जाईल ते दर खेपेला वाचले जाणार, या अंगणात आणि मेढ्याच्या अंगणातही. सयाजीरावांनी कारण ठरवून ठेवले होते. फोन ठेवण्याआधी आईने ते सांगितले, इतक्या घाईने की शब्द एकमेकांवर पडले. पोरीत खोट निघाली, असे लिहायचे.

दुपारभर तो टेबलापाशी उभा राहून बुश, म्हणजे यंत्रात बसायच्या पोकळ कड्या, तपासत राहिला. त्याचे कामच ते. मोजमापाचे एक पोलादी गेज असते, त्याचे एक टोक भोकात जायला हवे आणि दुसरे जाता कामा नये. दोन्ही गोष्टी झाल्या की माल बरोबर, हिरवी चिठ्ठी. आठ वर्षे हे काम करताना त्याला किती वेळा वाटून गेले होते की असे एखादे टोक आपल्यासाठीही कुठेतरी असावे, थंड, गुळगुळीत, ज्याला दया नाही आणि रागही नाही. ते सांगेल. मग आपण त्याप्रमाणे वागू. यंत्रांच्या दुसऱ्या रांगेतून धनाजीने विचारले, "काय झालं साहेब, त्वांड उतारलंय?" काही नाही म्हणून त्याने मान हलवली. साहेब. स्वतःचे लग्न होण्याआधी धनाजी त्याला शिव्या अशी हाक मारायचा, आणि मध्ये एका विशिष्ट काळात काहीच म्हणायचा नाही; नुसता जवळ यायचा.

तो काळ दीड वर्षाचा होता. खोली कुपवाडातच, पत्र्याची, रविवारी दुपारी आत भट्टीसारखे व्हायचे. धनाजीच्या मनगटांना कितीही धुतले तरी यंत्राच्या तेलपाण्याचा वास यायचा, आणि त्याच्या गावच्या बिरदेवाच्या जत्रेहून आला की मानेच्या खळीत भंडारा पिवळा होऊन राहिलेला असायचा. शिवतेजच्या उशीच्या अभ्र्यावर तो पिवळा डाग किती तरी दिवस होता. एकदा, एकदाच, त्याने विचारले होते की आपण हे जे आहोत त्याला तू मनात काय म्हणतोस. धनाजी उताणा पडून पत्र्याकडे पाहत होता. आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागे हिंडलेला तो मुलगा. आभाळाकडे पाहावे तसे तो छताकडे पाहायचा. "त्येला नाव कशाला पायजे गड्या," तो म्हणाला. "नाव दिलं की त्या नावानं कुनीतरी हाक मारनार. आन् हाक आली की व्हय म्हनाया लागतं." त्यानंतर चार महिन्यांनी त्याचे सोनियाशी लग्न झाले. पत्रिका द्यायला तो खोलीवर आला, पाणी प्याला, आणि जाताना म्हणाला, साहेब, यायचं बरं का. जे होते त्याला नाव नव्हते म्हणून धनाजीला काही सोडावेच लागले नाही. जे कधी काहीच नव्हते ते संपते कसे? शिवतेजला मात्र रडताना आपण नक्की कशासाठी रडतो आहोत हे स्वतःलाही सांगता येत नव्हते, कारण मित्राच्या लग्नाला कुणी रडत नाही.

रविवारी पहाटेची पहिली गाडी त्याने सांगली स्टँडवरून धरली. मार्केट यार्डाकडून येणारी हवा हळदीची होती, जड, कडवट, जिभेच्या मुळाशी बसणारी. खिडकीशी बसून त्याने एकच हिशेब केला: गावच्या फाट्यापर्यंत दोन तास. दोन तासांत एक शब्द हवा. संयोगिताच्या नावाशेजारी काही लिहू द्यायचे नसेल तर ते त्याच्या नावाशेजारी लिहावे लागेल, आणि तिथे काय लिहायचे हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. तीस वर्षांचा माणूस, आणि स्वतःसाठी एक शब्द गोळा करता येऊ नये. गाडी हलली.

पहिला शब्द त्याला शाळेत मिळाला होता, तो दुसऱ्याच्या अंगावर फेकलेला. सातवीत एका मुलाला सगळे बायल्या म्हणत. त्या मुलाच्या चालण्यात काहीतरी होते. शिवतेजच्या चालण्यात काही नव्हते, म्हणून तोही म्हणाला होता, एकदा, सगळ्यांहून मोठ्याने. मग घरी येऊन विहिरीवर मोटेचे पाणी पडायच्या जुन्या थारोळ्यात बसून तो शब्द हळूहळू स्वतःला म्हणून पाहत राहिला, बसतो का. बसला नाही. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मात्र बसला, तो आजपर्यंत. पुढे कॉलेजात फोन हातात आला आणि फोनमधल्या एका ॲपच्या दाराशीच एक यादी निघाली. आत जायचे तर त्यातले एक निवडा, असे ती म्हणत होती. त्याने गे या शब्दावर बोट ठेवले, आणि ठेवल्याबरोबर त्याला हलके वाटले होते, हे खरे. जत्रेत हरवलेल्याला आपल्या गावाचे नाव भोंग्यावर ऐकू यावे तसे. पण तो शब्द घेतलेली माणसे फोटोंत समुद्रासमोर उभी होती, त्यांच्या गळ्यांत कसल्या कसल्या रंगीत पट्ट्या होत्या, ती हसत होती. त्या शब्दात लोखंडाची धूळ नव्हती, घोंगडे नव्हते, आईचा तो दबका आवाज नव्हता. शब्द त्याला आत घेत होता, पण एकट्याला. बरोबरचे सगळे बाहेर ठेवून ये म्हणत होता.

साखरपुड्यानंतरच्या महिन्यात त्याने नवा शब्द घेतला, बाय, म्हणजे बाया आणि गडी दोघांचीही ओढ असलेला, आणि तो त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला. संयोगिता त्याला खरोखर आवडायची. ती बोलताना मध्येच वाक्य सोडून हसायची आणि मग विसरलेले वाक्य शोधायला मागे जायची. मेढ्याच्या बाजारात तिने एकदा करवंदांचा द्रोण त्याच्यापुढे धरला होता, आणि तिच्या निळ्याजांभळ्या बोटांकडे पाहताना त्याला इतकी माया वाटली की त्याने मनात म्हटले, हेच असेल, हेच ते असते. महिनाभर तो रोज स्वतःची नाडी पाहावी तसे ते पाहत राहिला. माया रोज होती. फक्त माया होती. तिचा हात हातात आला की त्याला तिची काळजी वाटायची, आणि धनाजी लांबून नुसता घाम पुसताना दिसला की हातातले गेज तसेच राहायचे. तेव्हा त्याने तोही शब्द सोडला आणि आठवडाभर आणखी एक, ज्यांना कुणाचीच ओढ नसते त्यांच्यासाठीचा, अंगाला लावून पाहिला. तो सर्वांत सोयीचा होता. त्यात कुणी दुखावले जात नव्हते. फक्त तो खोटा होता. शब्द निवडणे म्हणजे आपल्याकडे पाहणे, असे त्याला एकेकाळी वाटायचे. प्रत्यक्षात दर वेळी तो दुसरीकडे पाहण्यासाठीच शब्द निवडत होता.

इस्लामपूर गेले. पेठ नाक्यावर गाडी रिकामी झाली आणि पुन्हा भरली. पुण्याला तो एकदा असे शब्द घेतलेल्या लोकांच्या बैठकीला गेला होता, ते त्याला आठवले. दारातच एक मुलगी गोंदाच्या पांढऱ्या चिठ्ठ्या आणि पेन घेऊन बसलेली. नाव लिहा, खाली स्वतःला जे म्हणता ते लिहा, छातीवर लावा. त्याने नाव लिहिले. खालची ओळ तशीच ठेवली आणि पुढे गेला. आत सगळे इतके सहज बोलत होते, कुणाकुणाच्या छातीवर तर तीन-तीन शब्द होते. साताऱ्याचीच एक मुलगी निघाली. तिने सांगितले, मी आतापर्यंत चार शब्द बदलले, पण म्हणून आधीची मी खोटी नव्हते. ती हे त्याला धीर द्यायलाच म्हणाली असणार. त्याला मात्र तिचा हेवा वाटला. चार टाकून देण्याइतके तिच्याकडे होते. बाहेर पडल्यावर शर्टावरची चिठ्ठी काढायची राहिली, आणि स्वारगेटला चहावाल्याने ती वाचून त्याला शिवतेजराव म्हणून हाक मारली. खालच्या रिकाम्या ओळीकडे त्याचे लक्ष गेले नाही. कुणाचेच जात नाही. ती ओळ फक्त ज्याची त्याला जड होते.

आणि मराठी शब्द? तो एकच होता, समलिंगी, आणि तो फक्त वर्तमानपत्रात राहत होता, कोर्टाच्या बातम्यांत. जिवंत माणसाच्या तोंडून त्याने तो कधी ऐकला नव्हता. हा शब्द आईसमोर उच्चारायचा तर आधी तो समजावून सांगावा लागणार, आणि समजावताना त्यात शरीरे येणार, आणि शरीरे आली की आई पदर तोंडाला लावून उठून जाणार. खिडकीबाहेर तोड झालेली शेते जात होती, जळलेल्या पाचटाची काळी रांगोळी. त्याला एकाएकी असे वाटले की फाट्यावर उतरूच नये, हीच गाडी कऱ्हाडला जाईल, तिथून साताऱ्याला, तिथून आणखी कुठे. परागंदा झाला, असे लिहितील, हा तरी आहेच ना एक शब्द. चोपडीत त्याला जागा आहे. पण परागंदा नवऱ्याची बायको म्हणून ती चोपडीत राहील. सुटणार नाहीच.

लग्न मोडल्यावर संयोगिताने एकदाच फोन केला होता. ती रडत नव्हती. राग आला असेल तर तो दिसत नव्हता. विसरलेले वाक्य शोधावे तसे ती सावकाश बोलत होती. "मला कुणी इचारलं, काय झालं, तर मी काय सांगू?" ती म्हणाली होती. "मला नगं सांगू. पर मी लोकांला काय सांगू, तेवढं सांग." तो गप्प राहिला. तिने वाट पाहिली. फोनवरची चौदा मिनिटे, त्यातली बहुतेक नुसती वाट पाहण्याची. शेवटी, बरं, एवढे म्हणून तिने फोन ठेवला होता. त्याच्याजवळ शब्द नव्हता म्हणून तिला तीन वर्षे दुसऱ्यांचे शब्द अंगावर घ्यावे लागले, हे त्याला तेव्हाच कळले होते. कळून त्याने काही केले नव्हते.

फाट्यापासून घरापर्यंत चालताना त्याला हिरोजी आठवला. म्हणजे हिरोजीविषयी आठवण्यासारखे काहीच नव्हते. सहा पिढ्यांपूर्वीचे एक नाव. पण लहानपणी, नऊ-दहा वर्षांचा असताना, हेळव्याचे वाचन ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले होते की प्रत्येक नावापाठोपाठ काहीतरी येते, त्याची बायको अमक्याची, त्याला दोन लेक, तो पाण्यात गेला, तो लढाईत पडला. फक्त हिरोजीच्या मागून काहीच येत नाही. बसाप्पाचा बाप तेव्हा वाचायचा. तो हिरोजी म्हणायचा, थांबायचा, लांब श्वास घ्यायचा, आणि पुढच्या भावावर जायचा. दर तीन वर्षांनी तोच श्वास, तिथेच. बाकी कुणाला तो ऐकू येत नसे. शिवतेज त्याची वाट पाहायचा. मोठेपणी त्याने त्या श्वासात एक अख्खा माणूस राहायला ठेवला होता, कृष्णेच्या पाण्यात उभा असलेला, पाठमोरा, लग्न न केलेला. तिथे काहीतरी लिहिलेले असणार, मोठ्याने न वाचण्याजोगे. एखादा जुना, आपल्याच मातीतला शब्द. वंशात एक जण होता, आणि त्याला शब्द होता. या एका भरवशावर त्याने किती तरी वाईट दिवस काढले होते, आणि कुणालाही, धनाजीलासुद्धा, हे सांगितले नव्हते.

अंगणात घोंगडे पडले होते आणि बसाप्पा त्यावर मांडी घालून बसला होता, नाकावर चष्मा, मांडीवर काळ्या कापडात बांधलेली चोपडी. सयाजीराव इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीवर, पाठ ताठ. भावजय साक्षी उंबऱ्यात, तिच्या मांडीवर चार महिन्यांचे पोर. तिचा नवरा, धाकटा शंभूराज, सीमेवर होता. आई ओट्यावर सूप घेऊन हेळव्याच्या वाट्याचे जोंधळे पाखडत होती. त्याला पाहून तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. वडिलांनी पाहिले नाही. आधी पोराचे नाव लिहून झाले, साईराज; बसाप्पाने त्याच्या पायाला बोट लावून कानडीत काही गमतीचे म्हटले, साक्षी हसली. एक चुलती वारली होती, ती लिहून झाली. मग त्याने पान मागे उलटले आणि बोट ठेवले.

"हितं संयोगिता, मेढ्याची. खोडायची म्हनता. कारन सांगा की री."

सयाजीरावांनी घसा साफ केला. "पोरीत," ते म्हणाले.

"माझ्याकडनं मोडलं," शिवतेज म्हणाला.

"तुला इचारलं न्हाई कुनी."

"माझ्याकडनं मोडलं, आबा. तिच्यात काय न्हवतं. तिच्या नावापाशी काय लिव्हू नगा."

बसाप्पाने चष्म्यावरून एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे पाहिले. असले प्रसंग त्याने पुष्कळ अंगणांत पाहिले असावेत. "बरं," तो म्हणाला. "पोरगी मोकळी. मेढ्याला मी सोता सांगीन." संयोगिताच्या नावावर त्याने तांबड्या शाईची एक बारीक रेघ ओढली, इतकी सरळ की शिवतेजचे डोळे भरून आले. "पर मग कारन तुमच्या नावापाशी यील. काय लिव्हू? बैरागी झाला? आजारी हाय? एक शब्द सांगा, जागा एवढीच हाय." आणि त्याने नखाने जागा दाखवली. जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढी.

शिवतेज त्या जागेकडे पाहत राहिला. गाडीतले सगळे शब्द आले, दाराशी उभे राहिले, आणि अंगण पाहून एकेक करून परतले. मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, गावचा, कारखान्यात तो वापरत नसलेला. "मला बायांची ओढ न्हाई," तो म्हणाला. "गड्यांची हाय. पहिल्यापासनं. मी लय बघितलं, बदलत न्हाई त्ये."

एवढेच होते. त्यात शिकलेला एकही शब्द नव्हता. कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही, सगळ्यांना कळले, आणि हेच सर्वांत भयंकर होते. सूप थांबले होते. उंबऱ्यातली साक्षी पोर घेऊन आत गेली. सयाजीराव आपल्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहत होते. त्या हाताची बोटे एकेक करून मिटली. ते बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, हजेरी घ्यावी तसा सपाट होता.

"मयत लिव्हा."

"सुभेदार," बसाप्पा म्हणाला, "मानूस म्होरं बसलाय."

"माझ्यापुरता."

"जित्या मानसापाशी मयत लिव्हाया माझा हात चालत न्हाई. बापानं सांगिटलं तरी." त्याने पेनाला टोपण लावले. "मी काय लिव्हीत न्हाई. वाचताना हितं दम घीन. लोकांला वाटंल म्हातारा दमला."

शिवतेजने मान वर केली. "हिरोजीपाशी घेता तसा?"

बसाप्पा चकित झाला. इतक्या वर्षांत, इतक्या अंगणांत, हे त्याला कुणी विचारले नव्हते.

"तिथं काय लिव्हलंय?" शिवतेजने विचारले. "हिरोजीपाशी. वाचत न्हाईसा त्ये. काय शब्द हाय?"

बसाप्पाने पाने मागे घेतली, खूप मागे, कागद जिथे तपकिरी होऊन कडा विरल्या होत्या तिथपर्यंत, आणि चोपडी त्याच्याकडे फिरवली. अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, पण कोरे कागद कुणालाही वाचता येतात. एका नावापुढे बोटभर जागा होती, आणि तिच्यात काहीच नव्हते. खोडलेलेही नव्हते. "आज्जानं शिकिवलं, हितं दम घ्यायचा," बसाप्पा म्हणाला. "का, ते आज्जाला बी ठावं न्हवतं."

कृष्णेच्या पाण्यात पाठमोरा उभा असलेला माणूस वळला नाही. तो तिथे नव्हताच. की होता? कदाचित हिरोजीही याच अंगणात बसला असेल, आणि त्यानेही आपल्या बोलीत एक पुरे वाक्य म्हटले असेल, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि कुणा दयाळू हेळव्याने पेन बाजूला ठेवले असेल. वाक्य म्हणणाऱ्याबरोबर गेले. मागे राहिला तो एक श्वास, सहा पिढ्या, कसला ते न कळता.

"लिव्हा," शिवतेज म्हणाला. तो गुडघ्यांवर पुढे सरकला, घोंगड्याच्या काठापर्यंत. "म्या सांगिटलं ते लिव्हा. बारीक लिव्हा. कडंनं लिव्हा. कानडीत लिव्हा, कुनाला वाचाया येत न्हाई, पर लिव्हा."

"एवढं मावत न्हाई रं लेकरा," बसाप्पा मायेने म्हणाला.

उठण्याआधी नवी नावे धरून सगळी वंशावळ एकदा वाचायची, अशी रीत. बसाप्पाने चोपडी कपाळाला लावली आणि सुरुवात केली. मूळपुरुष, त्याचे तीन, त्या तिघांचे सात. सूर चढत गेला, उतरत गेला. हिरोजी आला, श्वास आला, पुढे गेला. सयाजीराव खुर्चीतून उठून अंगणाच्या टोकाला, नांगराजवळ, पाठ करून उभे राहिले. पण गेले नाहीत. पणजोबा आले, आजोबा आले, वडिलांचे नाव आले, आईचे आले. शिवतेजने डोळे मिटले.

"त्यांचा थोरला शिवतेज," बसाप्पा म्हणाला, आणि थांबला.

त्या थांबण्यात आत कुठेतरी पोर कुरकुरले. रस्त्यावरून उसाची एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली. ओट्यावर आईने पसाभर जोंधळे सुपातून पायलीत ओतले, एकेक दाणा ऐकू यावा इतके सावकाश, आणि तो आवाज थांबेपर्यंत बसाप्पाही थांबला, दम पुरेल त्याहून जरा जास्तच. शिवतेजनेही आपला श्वास तोवर धरून ठेवला होता. मग धाकट्याचे नाव आले, आणि वंश पुढे चालू लागला.